बिनमाइकचा पाचवा

खेळ माझ्या घरी चालायचा. घर म्हणजे अंबरनाथ पूर्वेच्या दोन खोल्या. केबलवाल्याने टीव्हीच्या वायरीबरोबर इंटरनेटचीही वायर खिडकीतून आत सोडली होती आणि आम्हा चौघा मित्रांत न तुटणारं कनेक्शन तेवढं माझंच होतं. रविवारी दुपारी जेवणं झाली की मी गोळीबाराचा खेळ लावायचो आणि तिघांना फोन करून त्या दिवसाचा नंबर सांगायचो. तो टाकून ते आपापल्या घरून माझ्या कॉम्प्युटरवर यायचे. कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक. कोणाला आत घ्यायचं, कोणाला काढायचं, हे माझ्या हातात. आयुष्यात तेवढंच हातात आहे असं मला तेव्हा वाटायचं.

एका रविवारी खेळता खेळता शिरगावच्या मित्राने किस्सा सांगितला. त्याआधी माझ्यासाठी बदलापूरची एक मुलगी बघितली होती. दोन्हीकडून पसंती होती, मग त्यांच्याकडून निरोप येणंच थांबलं. आईला वाटलं, आमची ओल आलेली भिंत बघून ते मागे फिरले. तिने भिंत रंगवून घेतली.

"अरे, तिचा मामा आलेला ना माझ्याकडे, तुझी चौकशी करायला," मित्र म्हणाला. "विहारात गाठलं मला, चहाला घेऊन गेला. बोलतो, मुलगा कसा आहे? मी बोललो, एकदम सरळ, मामा. दिवसभर कॉम्प्युटरवर माणसं मारतो, बाकी कोणाला त्रास नाही."

बाकीचे दोघे हसत सुटले. "मामा काय बोलला?"

"काय बोलणार? अर्धा चहा ठेवून उठला."

मीही हसलो. गप्प बसलो असतो तर 'अबे, रडतोय का' सुरू झालं असतं. एमआयडीसीतल्या कंपनीत मी कायम होतो, रविवार सोडला तर खेळाला हात लावत नव्हतो. एवढं मामाला सांगायला त्याचं काय जात होतं? पण त्याला हसायला एक किस्सा हवा होता. त्या दिवशी मी ठरवलं, याचं लग्न जमेल तेव्हा बघू.

त्याचं जमलं. मुलगी नोकरी करणारी. तिचा भाऊ उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात होता, मी तिथूनच सामान घ्यायचो. मी नवऱ्या मुलाचा मित्र आहे हे कळल्यावर त्याने मला चहा पाजला. मी म्हटलं, "रविवारी ये की खेळायला. तुझा होणारा दाजीही असतो. पण ही पोरं नव्या माणसाला लई पिडतात. पहिल्या दिवशी नाव दुसरं टाक, माइक लावू नको. नुसतं ऐक."

रविवारी मित्राने विचारलं, "हा पाचवा कोण रे?"

"कंपनीतला आहे. माइक नाही त्याच्याकडे."

अर्धा तास मी नीट खेळू दिलं. मग अगदी सहज विचारलं, "नोकरीचं सांगितलंस का तिकडे?" त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय आणि तो घरी बसलाय, हे त्यानेच मला सांगितलं होतं.

"येडा आहेस काय? कायम झालो असंच सांगितलंय. परिणय होऊ दे, मग बघू. ती कमावते ना."

बाकीचे हसले. पडद्यावर ओळ आली, पाचवा बाहेर पडला. मला इतका आनंद झाला की समोरून आलेल्याला गोळी घालायची राहून गेली.

आणि मग मित्र हळू आवाजात म्हणाला, "मस्करी करतोय रे. मुलगी आवडलीय मला. खोटं बोलल्यापासून झोप नाही. येत्या रविवारी तिला भेटून सगळं सांगणार आहे. मग नाही म्हणाली तर नाही."

मी पुढचा डाव लावला.

संध्याकाळी मुलीच्या भावाचा फोन आला. आवाज अगदी साधा होता. "दादा, घरी सांगायच्या आधी एकदा विचारतो. मी निघाल्यावर तो आणखी काही बोलला का?"

सापळा लावला याचं मला फारसं वाईट वाटत नाही. खोटं तो बोलला होता, मी फक्त दार उघडं ठेवलं. पण या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि विचारणारा चांगला माणूस होता.

"नाही," मी म्हणालो. "मग नुसतं खेळलो."

मुलीच्या घरच्यांनी नकार कळवला. कुठून कळलं ते भावाने कोणाला सांगितलं नाही. तुमच्या मैत्रीत माझ्यामुळे वितुष्ट नको, असं मलाच फोन करून म्हणाला. मित्राला वाटलं, त्याच्या जुन्या कंपनीतलं कोणीतरी बोललं. त्या मुलीला मी कधी पाहिलंही नाही. सगळं त्याच्याच तोंडून ऐकून तिला स्वतः ठरवायची एक संधी होती, ती मी घालवली, हे तिला कोण सांगणार?

पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा नंबर सांगितला. मित्र आला, पण माइक लावला नाही. खेळातला त्याचा माणूस एका भिंतीला लागून नुसता उभा राहिला. मी गोळी घातली. तो पडला, खेळाच्या नियमाने पुन्हा जिवंत झाला, चालत येऊन त्याच भिंतीशी उभा राहिला.

"अरे, सोड ना त्याला आज," दुसरा म्हणाला.

मी पुन्हा नेम धरला. दुपारभर धरत राहिलो.