पार्वतीच्या फुलातला खडा

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी गोकुळदास हुपरीहून चांदीचं काम शिकून आला आणि डिचोलीच्या बाजारात बापाच्या जागी बसला. हात चांगला होता. तोंडही जरा जास्तच चालायचं.

मार्गशीर्षात सर्वणची पार्वतीकाकी दुकानात आली. सोबत मुळगावच्या कमलबाय, तिची होणारी विहीण. पार्वतीनं पदरातून केसात माळायचं चांदीचं फूल काढलं. मधोमध तांबडा खडा, मागची दांडी निखळलेली. लेकीच्या, प्रतीक्षाच्या लग्नात तेच माळायचं होतं.

"माणकाचां फूल मां ह्यां?" कमलबायनी डोळे बारीक करून विचारलं.

"होय," पार्वती म्हणाली आणि घाईनं गोकुळदासाकडे वळली. "खडो काडू नको, बाबा. तसोच डाग दी."

गोकुळदास हसला. "काकी, आच लागली की खडो तडकतलो. हुपरीत पयल्या दिवशी तांच शिकवतत."

"मगे रवांदे. मी फुडल्या आयतवारी येतंय."

"दहा मिनटांचां काम! बसा गे."

फूल परत घ्यायला पार्वतीनं हात पुढे केला होता. त्याला तो दिसला, पण कळला नाही. त्यानं फूल निखाऱ्याजवळ धरलं, खडा धरून ठेवणारी लाख मऊ झाली, सुरीच्या टोकानं खडा अलगद उचलला. तळहातावर आला तो पाण्यासारखा पांढरा. खालच्या खोबणीत तांबड्या बेगडीचा तुकडा चिकटलेला.

"अरेच्चा! ही तर काच!" तो भर दुकानात ओरडला. "काकी, कोणी फसयला तुमकां? खालून बेगड घालून माणीक केलाहा!"

पार्वतीनं पुढे केलेला हात पदराखाली घेतला. कमलबाय मात्र उठल्या. "बरां झालां बाये, लग्नाआधी कळलां. आमच्या घरात काचेक माणीक म्हणनत नाय."

दोघी वेगवेगळ्या वाटेनं गेल्या. फूल तिथंच राहिलं.

संध्याकाळी जेवताना गोकुळदासानं ही गोष्ट रंगवून सांगितली. त्याच्या वडलांचा, शांताराम शेटांचा, हात ताटातच थांबला.

"ती बेगड माझी," ते म्हणाले. "नवऱ्याच्या दुखण्यात तिणा माणीक काडून माकाच विकलां. फूल भुंडां दिसता म्हणान रडाक लागली. मीच काच बसयली. म्हटलां, तुज्या-माज्याशिवाय कोणाक कळूचां नाय." मग थोडं थांबून, "दुसऱ्याच्या घडणीतला खडो आम्ही गिऱ्हायकाच्या एकट्याच्या फुडे काडतो रे. तां तुका कोणी शिकवलां नाय?"

गोकुळदासाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. भात तसाच राहिला. सारखा तो पुढे आलेला हात आठवत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं दांडी जोडली, जुन्याच रंगाची बेगड शोधून खडा बसवला आणि सर्वण गाठलं. पार्वती अंगणात सुपाऱ्या सोलत होती. तिनं त्याला बस म्हटलं नाही.

"काकी, माजां चुकलां. मी मुळगावाक जातंय. कमलबायक सांगतंय, माकाच खडो वळखूक येवक नाय."

"म्हणजे आता फटी मारूक, खोटां बोलूक तूय शिकतलंस?" तिनं फूल उन्हात धरलं. "लग्न मोडूक नाय. मुळगावचो निरोप इलो, फूल तेवढां नको. जावयान आवशीक सांगल्यान, माका चेडू होयां, फूल न्हय."

गोकुळदासाला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली.

"पण माजां चेडू ह्यांच फूल माळतलां. ही बेगड काड."

"काकी, तांबडां बरां दिसता…"

"कोणाक? आता सगळ्यांक ठावक आसा. काड."

तिनं चुलीतले निखारे करवंटीत घालून त्याच्यासमोर ठेवले. दुकानात आठ-दहा माणसांपुढे सहज चाललेली सुरी इथं दोनदा घसरली. प्रतीक्षा दारात येऊन बघत होती. त्यानं लाख मऊ केली, बेगड खरवडून काढली आणि पांढरा खडा परत दाबून बसवला. खालची चांदी आता आरपार दिसत होती.

पार्वतीनं फूल घेतलं, लेकीच्या अंबाड्याला लावून पाहिलं. गोकुळदासानं मान खाली घालून हत्यारं गुंडाळली. तिनं विचारल्याशिवाय तो एक शब्द बोलला नाही, आणि तिनं काही विचारलं नाही.