हाताला हळद नव्हती

माझं तोंड लय चालतं, असं सासरी सगळेच म्हणायचे. चालतंच. माझं माहेर आखाडा बाळापूरचं, घर अगदी रस्त्याला लागून. ट्रकांच्या आवाजावर आवाज चढवल्याशिवाय आमच्याकडं घोटभर पाणीसुद्धा मागता येत नाही. आता परत तिथंच राहते आणि शिवणाचं दुकान चालवते. हनुवटीखाली वण आहे, तो मी पदरानं झाकत नाही. गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगते.

सासर जवळा बाजारच्या बाजूचं, घरची हळद. उन्हाळा लागला, हळद उकडून वाळली, की पॉलिश सुरू होतं. लोखंडी ड्रममध्ये हळद भरायची आणि दोन बाजूंनी दांडा धरून तो गरागरा फिरवायचा. हे काम ज्यानं केलं त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे होतात. मग साबण घासा नाहीतर राख घासा, कितीतरी दिवस तो रंग जात नाही.

त्या वर्षी लग्नसराई जोरात होती आणि माझ्याकडं नवऱ्या मुलींचे ब्लाऊज पडले होते. पांढऱ्या अस्तरावर पिवळं बोट उमटलं तर गिऱ्हाईक परत पायरी चढेल का? म्हणून नवऱ्याला सरळ सांगितलं, यंदा ड्रमवर दुसरी बाई लावा, मी हळदीला हात लावणार नाही.

"घरचं काम सोडून लोकायचे ब्लाऊज शिवून राहिली काहून?" तो म्हणाला.

"तुमच्या मोबाईलचा रिचार्ज लोकायच्या ब्लाऊजमधूनच होऊन राहिला," मी म्हणाले.

त्याची मूठ डाव्या जबड्यावर बसली. मी उंबऱ्यावर हनुवटीवरच पडले आणि कातडी फाटली. तोंडात रक्ताची खारट चव आली. उठून दात मिटायला गेले, तर खालचे दात वरच्यांना सापडेनात.

सासूनं डब्यातून मूठभर हळद काढली आणि जखमेत दाबून भरली. आमच्याकडं कशालाही तेच करतात. मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडून हनुवटीखालून डोक्यावर बांधली. "जबडा उतरला असंल, बसवून घेऊ," म्हणाली. शेजारच्या गावात एक म्हातारा उतरलेली हाडं बसवायचा. गाठ मारता मारता तिनं पुढचंही ठरवून टाकलं. "कोणी इचारलं तर ड्रमचा दांडा लागला म्हणायचं." पॉलिशच्या दिवसांत दांडा कोणाला ना कोणाला लागतोच, त्यामुळं कोणी शंका घेत नाही. नवरा खाली मान घालून बसला होता, तोही हो म्हणाला.

म्हातारा नातीच्या लग्नाला गेलेला होता. त्या नातीचं भलं होवो. नाहीतर त्यानं माझा मोडका जबडा ओढून पाहिला असता. दुसऱ्या दिवशी थुंकी गिळता येईना, तेव्हा सासू आणि नवरा मला हिंगोलीला घेऊन गेले.

जबड्याची डॉक्टर बाईमाणूस होती. तिनं आधी विचारलं, शुद्ध गेली होती का, उलटी झाली का, एकाचं दोन दिसतं का. मी मानेनं नाही म्हणाले. मग कवटी, मान, डोळ्यांच्या कडा, गाल, नाक, सगळं बोटांनी चाचपलं. तोंड जेमतेम उघडलं. जिभेखाली काळंनिळं रक्त साचलं होतं. "असं दिसलं की बहुतेक हाड मोडलेलं असतं," ती म्हणाली. खालच्या ओठाला तिनं कापूस लावला, मला कळलाच नाही. एक्स-रेत जबडा दोन जागी मोडलेला निघाला, डावीकडं कानाखाली आणि उजवीकडं हनुवटीजवळ.

मग ती जखम धुवायला बसली. ट्रेमध्ये नुसतं पिवळं पाणी. "जखमेत हळद भरू नका हो, आतलं काही दिसत नाही," ती म्हणाली.

"घरची हाय मॅडम, भेसळीची न्हाई," सासू म्हणाली. तेवढ्यातही मला हसू यायला लागलं होतं, पण दुखलं.

"लागलं कसं?"

"ड्रमचा दांडा. पॉलिश करून राहिली होती."

डॉक्टरनं माझा हात हातात घेतला. उलटा केला, परत सुलटा केला. मग सासूला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबा." दार लागल्यावर माझ्याकडं वळली. "मी वसमतची. आमच्या घरी पण हळद आहे. जखमेत एवढी हळद आणि हाताला काहीच कसं नाही?"

मला रडू फुटलं. दुखण्याचं नव्हतं ते, संतापाचं होतं. यांनी माझा जबडा मोडला तो मोडलाच, वरून ज्या कामाला मी नाही म्हणाले तेच काम मला करायला लावलं, खोट्यात का होईना. बोलायला गेले तर नुसती लाळ गळाली. मी मूठ वळली आणि स्वतःच्या जबड्यावर टेकवली.

तिनं मान हलवली. "पोलिसांना मी कळवते, ते मला करावंच लागतं. पण जबाब तुम्हालाच द्यावा लागेल. आणि आता दात बांधले की काही आठवडे तोंड उघडणार नाही."

तिनं हाड जुळवून वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधले. उलटी आली तर तारा कापायला एक छोटं कटर दिलं, कुठली तार कापायची ते आरशात दाखवलं. सासू म्हणाली, "ते माझ्या पोराजवळ द्या." डॉक्टर म्हणाली, "नाही, हिच्याजवळच राहील." मी ते माझ्या उशाशी बांधून ठेवलं.

जबाब घ्यायला जमादार वॉर्डात आला तेव्हा सासू पुढं झाली. "तिचं तोंड बांधेल हाय साहेब, ती काय सांगन? मी सांगते."

पण सकाळपासून चादरीखाली माझा सराव चालला होता. दात मिटलेले असले तरी जीभ मोकळी असते. ओठ बधिर होता, कुठं टेकतो ते कळत नव्हतं, पण टेकत होता.

"नवऱ्यानं मारलं," मी म्हणाले.

जमादारानं कान पुढं केला. "काय म्हणल्या?"

मग मी बाळापूरच्या रस्त्यावरचा आवाज काढला. "नवऱ्यानं मारलं. ड्रमला मी हात लावला न्हाई." आणि दोन्ही हात उघडून त्याच्यापुढं धरले. तो हातांकडं बघत राहिला, मग त्यानं सासूच्या हातांकडं बघितलं. तिचे कोपरापर्यंत पिवळे होते.

"लिहून घ्या," मी म्हणाले.

नवरा पेजेचा डबा घेऊन दारात उभा होता. त्यानं बराबर ऐकलं.