मोटारीतलं चांगलं तेल

हुबळीत माझ्या थोरल्या भावाला सगळे डॉज सदाशिव म्हणत. दाजीबानपेठेत आमचं पिढीजात कापडाचं दुकान. थोरल्यानं गादीवर बसायचं ही घरची रीत, पण सदाशिवअण्णाच्या पायांना गादीवर मुंग्या यायच्या. सत्तावीस साली एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याची जुनी अमेरिकन डॉज मोटार अण्णानं घेतली आणि गादी माझ्या, म्हणजे धाकट्या नारायणाच्या, गळ्यात घातली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं मी त्याला रोज ऐकवायचो. तो हसून पाना उचलायचा.

त्या डॉजचे गिअर इतर गाड्यांच्या उलटे पडत. दुसरा ड्रायव्हर सवयीनं एक टाकायला गेला की भलताच पडे. त्यामुळे ती अण्णाशिवाय कुणाची झाली नाही. तो तिच्यावर हुबळी-धारवाड भाडं मारायचा आणि उरलेल्या वेळात तिच्या खाली आडवा असायचा. अमेरिकन कारखान्यांचे जुने कॅटलॉग तो मुंबईहून मागवी. इंग्रजी बेताचं, पण चित्रं ताडून पाहून कुठल्या सालच्या गाडीला कुठला दिवा होता हे त्याला तोंडपाठ झालं होतं. गदग-बेळगावचे लोक जुनी फोर्ड नाहीतर शेव्हरोले घेऊन यायचे आणि हिचं साल सांगा म्हणायचे. अण्णा बॉनेट उघडायचा, आत हात फिरवायचा आणि सांगायचा. मला दुकानात बसून त्याचा हेवा वाटायचा.

रुक्मिणीवहिनी मोटारीला सवत म्हणायची. ती आजऱ्याची. लग्न होऊन हुबळीला आली तेव्हा कन्नडचं अक्षर येत नव्हतं. पुढे जे आलं ते सगळं स्वयंपाकघरातून, तेलवालीशी आणि भाजीवालीशी घासाघीस करता करता. भाजी, मीठ, तेल यांपलीकडे तिचं कन्नड गेलंच नाही. तेवढ्यावर तिचा संसार झकास चालला होता.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर आलं आणि भाडं जवळजवळ बंद पडलं. त्यातच वहिनीची आई थकल्याचा निरोप आला. वहिनी कित्येक वर्षांत माहेरी गेली नव्हती. आजऱ्याला रेल्वे नाही, बेळगावहून सुटणाऱ्या मोटारीचा भरवसा नाही. अण्णानं तिला शब्द दिला की शिमगा झाला की आपल्या गाडीनं थेट आईच्या दारात उतरवतो. त्या दिवसापासून वहिनीनं सवत हा शब्द टाकला. अण्णा थेंब थेंब पेट्रोल साठवू लागला. इंजिनसाठी त्यानं खऱ्या अमेरिकन तेलाचा एक डबा कुठूनसा पैदा केला आणि सील न फोडता खाटेखाली ठेवला.

शिमगा झाला. अण्णानं इंजिनातलं जुनं तेल काढून टाकलं आणि त्याच दुपारी त्याला हुडहुडी भरली. खाटेवर पडल्या पडल्या त्यानं आपल्या मदतनिसाला हाक मारली, "निंगप्पा, वळ्ळे एण्णी हाकप्पा." निंगप्पा वैद्याकडे औषधाला गेला होता. स्वयंपाकघरातून ते वहिनीनं ऐकलं.

वळ्ळे एण्णी म्हणजे चांगलं तेल घाल, एवढंच अण्णाला म्हणायचं होतं. पण आमच्या हुबळीच्या स्वयंपाकघरात वळ्ळेण्णी हे खायच्या तेलाचं नाव आहे. चिमणी एण्णी म्हणजे रॉकेल, वळ्ळेण्णी म्हणजे करडईचं तेल. वहिनीला वळ्ळेण्णी ठाऊक होती ती तेलवालीकडची. तेलाची तेव्हा एवढी टंचाई की लोक भाजी पाण्यावर परतत होते. तिनं सणासाठी लपवून ठेवलेली बरणी काढली आणि अण्णा तेल जिथून ओतायचा तिथून सगळी रिकामी केली. आईला भेटवणाऱ्या मोटारीला ती कमी करणार नव्हती.

निंगप्पा आला तेव्हा तिनं तेल घातल्याचं सांगितलं. त्यानं हँडल मारून इंजिन थोडा वेळ चालवलं. तळणीचा वास सुटला, पण मोटारीची शेड स्वयंपाकघराला लागूनच. वास आपल्याच कढईचा असं सगळ्यांना वाटलं. अण्णानं ग्लानीतच विचारलं, "तेल घातलं?"

"घातलं. चांगलं घातलं," वहिनी म्हणाली.

ताप विषमाचा निघाला. सगळा उन्हाळा अण्णा खाटेवर आणि मोटार तापलेल्या पत्र्याखाली. तो काठी टेकत चालू लागला तेवढ्यात आजऱ्याहून तार आली की आई अत्यवस्थ आहे, लगेच निघा. वहिनी लुगडं बदलून, गाठोडं घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसली. निंगप्पानं हँडल लावलं. ते हललं नाही. मी जोर केला, अण्णानं त्या अवस्थेत हात घातला, तरी हललं नाही. वहिनी समोर बघत बसून होती. शेवटी मीच तिला उतरवून रेल्वेनं घेऊन गेलो. बेळगावला मोटार मिळेना. आम्ही पोचलो तेव्हा घराबाहेर लोक बसले होते आणि तिकडे स्मशानात चिता विझत आली होती. वहिनी मोठ्यानं रडली नाही. "आपली गाडी चालली असती तर," एवढंच म्हणाली.

तिला आईच्या दिवसांसाठी तिथं ठेवून मी परतलो. अण्णानं माझ्यादेखत इंजिनाखालची, तेल साठतं ती तळथाळी काढली. जुन्या बरणीच्या बुडाला धरतो तसला पिवळा चिकटा सगळीकडे बसला होता आणि इंजिन त्यात जाम झालं होतं. अण्णानं बोटावर घेऊन हुंगलं. मग घरात गेला आणि खाटेखालचा डबा घेऊन आला. सील जसंच्या तसं होतं. निंगप्पाच्या नावानं मी शिव्या द्यायला लागलो, तसं अण्णानं मला गप्प केलं.

"वड्याचं तेल वांग्यावर काढू नको, नारायणा. वळ्ळेण्णी म्हटलं ते मी. तिनं चांगलंच घातलं."

मग तो माझा हात धरून खाली बसला. "तिला हे कळलं तर आईची भेट आपल्याच हातानं हुकली म्हणून ती झिजून मरेल. हा डबा तुझ्या दुकानात ने. घरात दिसायला नको."

वहिनी आली तेव्हा त्यानं आतला दांडा मोडल्याचं सांगितलं. अमेरिकेहून येणारा, लढाईत न मिळणारा. रॉकेलनं धुऊन महिनाभरात गाडी चालती करणं त्याला अवघड नव्हतं. पण मोडला दांडा जुळला कसा, हे मग सांगावं लागलं असतं. म्हणून त्यानं गाडीला हात लावला नाही. लढाई संपली तरी लावला नाही. लोक म्हणाले, डॉज सदाशिवाचा हात गेला. गदगची माणसं यायची थांबली. तो दुसऱ्यांच्या गॅरेजात नुसता जाऊन बसायचा.

वहिनीनं त्याला माफ केलं नाही. वेळच्या वेळी जेवायला वाढायची, पण पूर्वीसारखं बोलायची नाही. दिलेला शब्द निष्काळजीपणानं घालवला असं तिच्या मनानं घेतलं होतं. अण्णानं अखेर ती डॉज भंगारात दिली, तेव्हाही ती दारात आली नाही.

त्याच दिवाळीला दोघं माझ्या दुकानात लुगडं घ्यायला आली. तेलाच्या टंचाईवरून बोलणं निघालं आणि वहिनीच्या मनात साठलेलं बाहेर आलं.

"सणाचं तेल मी माझ्या हातानं त्या मोटारीत ओतलं होतं, भाऊजी. यांनी काय केलं तिच्यासाठी? नुसते पाने आपटले. माझी आई वाट बघत गेली."

"चूक माझीच होती," अण्णा म्हणाला.

वहिनी बसली होती तिच्या मागच्या पडद्याआडच तो अमेरिकन तेलाचा डबा होता. मी पडदा नीट केला आणि तिला इरकली लुगडी दाखवायला लागलो.