बोनकोड्याच्या वर्गाचं अध्यक्षपद

विद्यापीठाने आमचा वर्ग आमच्याच हाती सोपवायचं ठरवलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो साडी कुठली नेसायची हा. खोटं कशाला बोलू? मॅडम पुढे उभ्या राहून काय काय समजावत होत्या, आणि मी मनातल्या मनात कपाट उघडून बसले होते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. आम्ही गिरगावातली खोली सोडून कोपरखैरण्याला राहायला आलो होतो. आमच्या सेक्टरला लागूनच बोनकोडे गाव, गावाच्या तोंडाशी समाजमंदिर, आणि तिथे दुपारचा विद्यापीठाचा बायकांसाठीचा वर्ग भरायचा. गावातल्या बायका लिहाय-वाचायला शिकायच्या. सेक्टरमधल्या आम्ही, म्हणजे लग्नापायी कॉलेज अर्धवट सुटलेल्या, कायदा, आरोग्य, बँकेचे व्यवहार असल्या विषयांवरची व्याख्यानं ऐकायला जायचो. विद्यापीठातून एक प्राध्यापक मॅडम यायच्या. कोणाला बोलवायचं, काय शिकवायचं, कधी शिकवायचं, सगळं त्याच ठरवायच्या.

मी गेले होते ऐकायला, पण मला कुठे गप्प बसवतं? हळूहळू समाजमंदिराची किल्ली माझ्याकडे आली. खडू-फळा माझ्याकडे आला. मॅडमना यायला उशीर झाला की मीच मुळाक्षरं घ्यायला लागले. गावातल्या बायका मला बाई म्हणायला लागल्या, आणि ते कानाला इतकं गोड लागायचं की काही विचारू नका. घरी हे चेष्टा करायचे, की बाईसाहेबांवाचून विद्यापीठ बंद पडेल. मी वरवर चिडायचे. आत कुठेतरी मला ते पटलेलं होतं.

गावातल्या बायकांत माझ्याच वयाची एकजण होती. सेक्टरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. आवाज असा की ती बोलायला लागली की फळ्यापाशी माझं मलाच ऐकू यायचं नाही. तिला सही करायला मी शिकवलं होतं. वाचायला आल्यावर तर तिला काही धरबंधच राहिला नाही, बसची पाटी, औषधाची बाटली, भिंतीवरची जाहिरात, दिसेल ते मोठ्याने वाचायची. माझ्यावर तिचा जीव होता. माझा तिच्यावर होता असं मीही तेव्हा शपथेवर सांगितलं असतं.

तर मॅडमनी सांगितलं की विद्यापीठ आता मागे सरणार. पुढच्या वर्षापासून वर्ग स्वयंसेवकांनी चालवायचा. आपली समिती करायची, अध्यक्ष निवडायचा, विषय आपण ठरवायचे, वेळ आपण ठरवायची. विद्यापीठ फक्त मागू तेव्हा व्याख्याते पाठवील. मॅडमचा यावर मनापासून विश्वास होता. वर्ग ज्यांच्यासाठी आहे त्यांनीच तो चालवायला हवा, हे त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं. आणि स्वयंसेवक म्हणजे स्वतःच्या इच्छेने पुढे आलेला, जबरदस्ती कोणावर नाही, हेही सांगितलं. मी मान डोलावत होते. अध्यक्ष मीच होणार, यात मला शंकाच नव्हती. तशी ती कोणालाच नव्हती.

सभेच्या दिवशी सकाळी मी वाशीला जाऊन पेढे आणले. हे लिहितानासुद्धा कान गरम होतात. पेढे! निवड व्हायच्या आधी! पिशवीत तळाशी ठेवले, वर रुमाल टाकला.

समाजमंदिर भरलं होतं. सेक्टरच्या बायका एका बाजूला, गावातल्या दुसऱ्या बाजूला, नेहमीसारख्याच. मॅडमनी थोडक्यात सगळं सांगितलं आणि माझं नाव घेतलं. म्हणाल्या, अध्यक्षपदासाठी मला यांचंच नाव सुचतं, तुमची तयारी आहे ना?

आता आमच्या माहेरी असं होतं, की पंगतीत वाढपी आला की पोटात कितीही भूक असो, आधी 'पुरे' म्हणायचं. तो 'घ्या हो, घ्या' म्हणणार, आपण पुन्हा 'नको नको' म्हणणार, मग कुठे ताट पुढे करायचं. पहिल्याच विचारण्याला ताट पुढे केलं तर आई घरी गेल्यावर चिमटा काढायची. हावरट म्हणायची. मी ते वळण घेऊनच मोठी झाले. त्यामुळे मॅडमनी विचारल्याबरोबर माझ्या तोंडून आपोआप निघालं, "छे छे, मी नको. माझ्याहून दुसरं कोणी चांगलं बघा."

आणि खाली बघून मी वाट पाहत बसले. आता मॅडम म्हणतील, असं कसं. मग बायका म्हणतील, तुम्हीच हव्यात. मग मी पदर सावरून उठेन. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. कोणाला आग्रह करायचा नाही, हे आपलं ठरलंच आहे."

एवढंच. मी मान वर केली तोवर त्यांची नजर पुढे गेली होती. दुसरं कोणी तयार आहे का, असं त्या विचारत होत्या. सेक्टरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि तेवढ्यात ती उठली. मासळीवाली. उभी राहून सरळ म्हणाली की मी करीन. टाळ्या पडल्या. गावातल्या बायकांनी तर इतक्या वाजवल्या की मला वाटलं आता छप्पर खाली येतंय.

मीही वाजवल्या. हसूनसुद्धा दाखवलं. पण लाजेने माझं अंग नुसतं जळत होतं. मला ते पद हवं होतं हे आता सगळ्यांना कळलं असणार, असं वाटत होतं. पिशवीतला पेढ्यांचा वास सबंध समाजमंदिरात पसरलाय, असंही वाटत होतं. घरी ह्यांनी पिशवी उघडली आणि कशाबद्दल म्हणून विचारलं. मी म्हटलं, सहजच. ते काय समजायचं ते समजले आणि एक पेढा तोंडात टाकून पेपर वाचायला बसले. मला त्यांचाही राग आला.

त्यानंतर मी वर्गाला जायचं सोडलं. किल्ली शेजारणीच्या हाती पाठवून दिली. तब्येतीचं कारण सांगितलं. मासळी घ्यायला लांबच्या बाजाराला जायला लागले. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की तिने माझं हिसकावून घेतलं. जिला मी सही शिकवली तिने. एवढी वर्षं मी राबले आणि ही उठली ती थेट अध्यक्ष.

वर्गाच्या बातम्या कानावर यायच्या. तिने वर्गाची वेळ बदलली, कारण बाजारात बसणाऱ्या बायकांना जुनी वेळ सोयीची नव्हती. नव्या शहरासाठी जमिनी गेलेल्यांना मिळणाऱ्या प्लॉटांबद्दल बोलायला तिने विद्यापीठाकडून वकील मागून घेतला, तेव्हा तर म्हणे बसायला जागा उरली नाही. सेक्टरच्या बायका माझ्याकडे येऊन कुरकुर करायच्या, की आता वर्गाची नुसती गावकी झालीय, आपल्यासारखीचं तिथे काम नाही. मी चहा करायचे आणि ऐकायचे. बोलायचे नाही काही, पण दुसरा कप आग्रहाने द्यायचे. किती बरं वाटायचं म्हणून सांगू. आज त्या चहाची आठवण आली तरी मान खाली जाते.

वर्ष सरत आलं तशी एक दिवस ती माझ्या दारात उभी राहिली. बाजार उरकून, अंघोळ करून, केसांत अबोलीचा गजरा माळून आली होती. मी आत बोलावलं, तशी आली. चहा घेणार का विचारलं, तर म्हणाली, घेईन की. मी चहा टाकला.

चहा पिताना तिने सांगितलं की मॅडम वर्ग बघायला येणार आहेत, तेव्हा मी यावं. मी तब्येतीचं काहीतरी पुटपुटले. तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"बाई, तुमच्या तब्येतीला काय झालेलं नाय. त्या दिवशी मॅडमनी भरल्या सभेत तुमाला इचारलं नि तुमी नाय म्हनल्या. आमच्यात चार मानसांत दिलेला मान कोन परत करत नाय. माज्या जावा म्हनल्या, बघ, तुज्या बाईला आपल्या गावच्या बायकांची अध्यक्ष म्हनवून घ्यायची लाज वाटली. मना लय लागलं. म्हनून मी उठले. गावाचा मान राखायला उठले, मना काय ते पद नको होतं."

वर्षभर मी जिला चोर ठरवत होते ती माझ्यामुळे गेलेला गावाचा मान सावरायला उठली होती. आणि मला वाटत होतं की सगळ्यांना माझी हाव दिसली. कोणाला काही दिसलं नव्हतं. त्यांना दिसली होती ती त्यांच्याबद्दलची माझी घृणा.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "लाज वाटली होती काय?"

इथे मला सांगायला हवं, की मी हे अध्यक्षपद मनात किती वेळा भोगलं होतं. स्वयंपाक करताना, रात्री पाठ टेकताना. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात मी मंचावर बसलेय. शेजारी मॅडम आहेत, आणखी कोणी प्राध्यापक आहेत. माझ्या समितीतल्या बायका पुढच्या रांगेत आहेत. त्या सगळ्या मी नावानिशी निवडलेल्या होत्या आणि त्या सगळ्या सेक्टरच्या होत्या. गावातली एकही नव्हती. ही तर नव्हतीच. इतक्या वेळा ते चित्र रंगवलं, पण हिला तिथे कुठे बसवावं असं मला एकदाही सुचलं नाही. तिचा तो आवाज, तो पदर कमरेला खोचून उभं राहणं, ते त्या सभागृहात मला चाललंच नसतं. ही इतकी वर्षं माझ्याशी जीव लावून वागत होती आणि मी तिला त्या चित्रातून केव्हाच बाहेर ठेवलं होतं.

तेव्हा जावा काही खोटं बोलल्या नव्हत्या. फक्त कारण चुकलं होतं त्यांचं. नको म्हणाले ते वळणामुळे. पण लाज होती, चांगली मुरलेली होती.

तिच्यासमोर दोनच गोष्टी सांगता येण्यासारख्या होत्या, आणि दोन्ही लाजिरवाण्या. त्यातली कमी लाजेची मी उचलली.

"लाज कसली," मी म्हणाले. "मला हवं होतं गं. फार हवं होतं. लोकांनी आग्रह करावा म्हणून नको म्हटलं."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग मांडीवर थाप मारून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. असलं काही असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. पाहिजे ते नको म्हणायचं आणि वर वाट बघत बसायचं, याची तिला इतकी मजा वाटली की ती पुन्हा पुन्हा ते म्हणून बघत होती. माझ्याकडून तिने वर्गाला यायचं वचन घेतलं. जाताना पायरीवरून वळून म्हणाली, की आता घरी जाऊन एकेकीला सांगते, फुकट माझ्या बाईला नावं ठेवत होत्या. अंगावरचं वर्षभराचं ओझं उतरल्यासारखी ती चालत गेली. ओझं तिचं उतरलं होतं, माझं नाही.

मॅडम यायच्या दिवशी मी गेले. समाजमंदिराच्या दारातच गावातल्या बायकांनी मला घेरलं. कोणी तब्येत विचारली, कोणी पुढे नेऊन खुर्चीवर बसवलं. तिची थोरली जाऊ, जी एरवी माझ्याशी कधी बोलायची नाही, ती मुद्दाम पुढे आली. तिने माझे दोन्ही हात हातात धरले. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आमी तुमच्याबद्दल वाईट बोललो, बाई. चुकलं आमचं."

मी म्हणाले, "असू द्या. होतं असं."