पाचवं पान किलवरचं नव्हतं

चष्मा घरी विसरून मी डावाला बसलो. पाच किलवर जमली, म्हणजे मोठा हात, असं समजून पुढ्यातल्या सगळ्या काजूबिया मध्ये सारल्या. माझा आवेश बघून मास्तरांनी पत्ते टाकून डाव सोडला, शेजाऱ्यानेही सोडला. डाव माझा. ऐटीत पानं उलटली, तर पाचातलं एक इस्पिक निघालं. हातात साधी जोडीसुद्धा नव्हती.

हा पोकर आमच्या तारकर्लीच्या खोल्यांत उतरलेल्या एका पाहुण्याने शिकवला. पाहुणा गेला, खेळ राहिला. दुपारी जेवून आम्ही तिघं मास्तरांच्या पडवीत बसायचो: मी, गणिताचे निवृत्त मास्तर आणि होडीवाला शेजारी. पैसे लावायचे नाहीत, घरून मूठभर काजूबिया आणायच्या. माझी मूठ बायकोच्या डब्यातली. मसुऱ्याला तिच्या माहेरचं काजूचं झाड वादळात पडलं, त्याच्या या शेवटच्या बिया तिने रोपांसाठी ठेवलेल्या. मला ते ठाऊक होतं. पण पहिल्याच दिवशी मी त्या दुप्पट करून परत आणल्या की.

आठ दिवस जिंकत होतो. मास्तरांना खेळातल्या चार गोष्टी सांगायलाही लागलो. मग नशीब फिरलं. चांगली पानं यायची आणि शेवटच्या पानावर हरायची. मी जागा बदलली, सदरा बदलला. देवळात कौल लावायचंही मनात आलं, पण गुरवाला काय सांगणार, तीन राजे हरले म्हणून? घरात बसवेना. मागीलदारी बायको कसल्याशा पिशव्यांना पाणी घालत असायची. विचारायलाही सुचायचं नाही.

"तू आता बरो खेळतंस रे," मास्तर म्हणाले. "जिंकत होतंस तेव्हा वायट खेळत होतंस."

"मगे हरतंय कित्याक?"

"रापण ओढतंस मा? जाळा ताच, माणसां तीच. एक दिस बांगडे, एक दिस नुसतो कचरो. आठ दिसांत काय कळतला? शंभर दुपारी खेळ, मगे बोल."

शंभर दुपारी कुठून आणू? डब्याचा तळ दिसत होता. पुन्हा तीन राजे आले तेव्हा उरलेल्या सगळ्या बिया लावल्या. मास्तरांच्या मते तेच बरोबर होतं. शेवटचं पान बदामाचं आलं आणि शेजाऱ्याची पाच बदाम पुरी झाली, म्हणजे तीन राजांच्या वर.

दुसऱ्या दिवशी बिया मागायला त्याच्याकडे गेलो, तर अंगणातच भाजलेल्या काजूंचा वास.

"ये रे, खा," तो म्हणाला. "तुझ्योच आसत."

मी दोन खाल्ले. चांगले होते, हे आणखी वाईट.

दोन दिवस किनाऱ्यावर उगाच येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी मागीलदारी जाऊन बायकोला सगळं सांगून टाकलं. ती पिशव्यांना पाणी घालत होती. एकीतून कोंब वर आला होता. तिने मानही वर केली नाही.

"पयल्या दिसा मुठी भरून इलास, त्याच सांजेक मी मसुऱ्याच्यो बियो निवडून मातयेत घातलंय. डब्यात होत्यो त्यो बाजारच्यो. तुमी हरतलास ता माका ठावक नाय होता. जिंकल्यावर थांबूचास नाय, ता ठावक होता. ही झारी धरा."