हललेला फोटो

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात ज्याने आजवर एकाही नवरा-नवरीला ‘जरा हसा’ म्हटलेलं नाही असा फोटोग्राफर एकच, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. लग्नाची ऑर्डर घेऊन कुणी आलंच, तर म्हणतो, “लग्न एकदाच होतं. कशेडीत दरड दरवर्षी पडते. मी दरडीचे काढतो.” आणि खरंच काढतो. भर पावसात घाटात उभा राहून चिखल, दगड, अडकलेल्या ट्रकची ताडपत्री, सगळं काळ्यापांढऱ्यात. मग ते जाड सुती कागदावर छापून, खाली पेन्सिलीने सही करून विकतो. पुण्यामुंबईची माणसं ते विकत घेऊन भिंतीवर लावतात, हे पाहून आमच्या आळीचा कलेवरचा विश्वासच उडाला आहे. एकदा एक बाई मोटारीने आल्या आणि ‘आमच्या पडद्यांना शोभेल असं काही दाखवा’ म्हणाल्या. याने त्यांना चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, “पडदे बदला.” बाई तणतणत गेल्या, आणि आठवड्याने परत येऊन दोन प्रिंट घेऊन गेल्या. पडद्यांचं काय झालं ते कळलं नाही.

अशा माणसाच्या घरात वाडवडिलांचा फोटो मात्र एकच, आणि तोही हललेला. त्याच्या दादीचा, म्हणजे वडिलांच्या आईचा. पदर, बांगड्या, खुर्चीची नक्षी सगळं लख्ख, आणि चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. दादी याच्या जन्माआधीच गेली. तिचा चेहरा कसा होता हे विचारत त्याने थेट नाते गावापर्यंत नाती धुंडाळली. ज्याला विचारावं त्याच्या मते ती हुबेहूब त्याच्याच मुलीसारखी दिसायची.

शेवटी कुवेतच्या चुलतभावाने संगणकाकडून तिला नवा चेहरा करवून घेतला. गुळगुळीत गाल, मोठे डोळे. घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक निघणार होतं, त्याच्या मुखपृष्ठासाठी. नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘माशाल्ला’चा पाऊस पडला. आमच्या फोटोग्राफरने लिहिलं, “ही बाई कोण? हिला आपल्या घरात कुणी घेतलं?” भावाने उत्तर दिलं, “मग खरा चेहरा आण. नाहीतर हाच छापणार.”

दादीला प्रत्यक्ष पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं: तिची धाकटी नणंद. नव्वदी उलटलेली, इतकी वर्षं मुंबईला मुलाकडे असलेली, नुकतीच तुडीलला, आपल्या गावी परतलेली. मला मागे बसवून हा स्कूटरवरून निघाला. म्हातारीपुढे त्याने आधी कुवेतचा चेहरा ठेवला.

“ही कोन? टीवीवाली काय?”

मग हललेला फोटो ठेवला. तिने त्या डागावरून बोट फिरवलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. “हीच. हीच ती.”

“पण चेहरा कुठाय? फोटोवाल्यानं बिघडवला ना.”

“त्यानं नाय रे, तिनं. तुझा दादा, म्हंजे माझा भाऊ, बोटीवर खलाशी. लगीन करून गेला तो दोन वरसं आला नाय. कागद आला, बायकोचा फोटो पाठवा, बघावासा वाटतो. फोटोवाल्यानं ‘हलू नको’ सांगितलं, आन् हिनं गदागदा मान हलवली. सासू ओरडली. ही बोलली, तोंड बघायचा हाय तर घरी येऊन बघ म्हनावं.”

“मग? दादा आला?”

“आला नसता तर तू खयसून आला असतास?”

त्याने तिथेच बसून ग्रुपवर लिहिलं, ‘दादीचा फोटो आहे तसाच छापा. ज्याला तिला चेहरा लावायचा असेल, त्याने आधी तिची परवानगी आणावी.’ कुवेतहून दोन दिवस उत्तर आलं नाही, आणि मग मुकाट्याने मुखपृष्ठ बदललं.

माझी मुलगी दुबईला असते. रोज संध्याकाळी फोनवर दिसते, छान, हसरी. प्रत्यक्ष येऊन चार वर्षं झाली. तुडीलहून परतलो त्या दिवशी तिचा फोन आला, तेव्हा मी माझा कॅमेरा बंदच ठेवला.

“बाबा, तुम्ही दिसत नाही आहात.”

मी म्हटलं, “मग ये.”