उशीर नावाचं अत्तर

माझ्या सासऱ्यांचं नाक आमच्या बाजारात प्रसिद्ध होतं. दिसायला त्यात काही विशेष नव्हतं, बटाट्यासारखंच होतं; पण आमच्या बेकरीसमोरच्या फुटपाथवर चहा पीत उभे असले तरी बाबा मध्येच कप ठेवायचे, रस्ता ओलांडायचे आणि भट्टीतून बनचा ट्रे बाहेर ओढायचे. बन नेमके तेव्हाच झालेले असायचे. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते गिऱ्हाइकांसाठी, असं ते म्हणायचे. लोणी जुनं असलं तर डबा उघडायच्या आत परत पाठवायचे. स्वभावही नाकाला शोभेल असाच, माशी बसू द्यायचे नाहीत.

मग त्यांना ताप आला. साधाच, सर्दीचा. ताप उतरला, सर्दीही गेली, पण जाताना त्यांची वासाची जाण घेऊन गेली.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते. एका सकाळी शाळेत जाता जाता बेकरीत डोकावले, तर दारापर्यंत करपट वास. बाबा भट्टीकडे पाठ करून शांतपणे पाव कागदात गुंडाळत होते.

"बाबा, काहीतरी जळतंय!"

ते वळले. ट्रेमधले बन कोळशासारखे झाले होते. बाबांनी आधी बनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "भट्टी बिघडलीय."

संध्याकाळी मेकॅनिक आला. भट्टी ठणठणीत होती. माझ्या नवऱ्याने जेवताना सरळच विचारलं, "बाबा, तुम्हाला वास येतो का?" बाबांनी घास तोंडात ठेवला, चावला, गिळला. "कशाचाच नाही," ते म्हणाले. "चवही नाही. पुठ्ठा खातोय असं वाटतं." सासूबाई, म्हणजे आमच्या आई, ताटावरून उठल्याच. "इतके दिवस मी विचारतेय मीठ बरोबर आहे का, आणि तुम्ही खुशाल हो म्हणताय?"

"तू दरवेळी बरोबरच घालतेस, म्हणून हो म्हटलं."

आई परत ताटावर बसल्या.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की वास परत येईलही, नाहीही येणार. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ चार-पाच ठरावीक वस्तू हुंगायच्या, आणि हुंगताना त्यांचा वास आठवायचा. बाबा घरी येईपर्यंत धुमसत होते. "या वयात नाकाला शाळेत घालायचं म्हणे! लिंबू हुंगत बसू? लोक म्हणतील, म्हातारा फिरला."

बेकरी नवऱ्याने सांभाळायला घेतली. बाबा घरात राहिले, आणि घरात राहणं त्यांना जमत नव्हतं. खाणं कमी झालं, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल दिसायला लागली. हुंगायच्या वस्तूंची ताटली टेबलावर तशीच सुकत पडायची.

आमच्या आईंचं दुपारचं एक व्रत होतं, रेडिओ. तेव्हा एक कादंबरी रोज थोडी थोडी वाचून दाखवत असत. तिची नायिका बंदरावर बोटीची तिकिटं विकायची आणि स्वतः मात्र कुठेही वेळेवर पोचायची नाही. तिच्या अत्तराचं नाव होतं 'उशीर'. ती यायच्या आधी ते खोलीत शिरायचं आणि ती गेल्यावरही तिथेच रेंगाळायचं. ते कसं होतं, हे लेखकाने एकदाच सांगितलं होतं: वर संत्र्याची साल, मध्ये लवंग, खाली पेन्सिलीचं लाकूड, आणि सगळ्यांच्या तळाशी जे आहे ते नावातच आहे.

हे ऐकलं आणि आईंच्या डोक्यात किडा वळवळला. "हे अत्तर मी करणार," त्यांनी जाहीर केलं.

"गोष्टीतलं अत्तर?" मी विचारलं.

"मग काय झालं? संत्री काय गोष्टीतली असतात?"

त्यांनी बदामाच्या तेलात संत्र्याच्या साली आणि मूठभर लवंगा घातल्या आणि भांडं थेट गॅसवर चढवलं. घरभर खोकल्याच्या औषधाचा वास सुटला. अर्थात बाबा सोडून सगळ्यांना. ते दारात येऊन भांड्यात डोकावले.

"साल पांढऱ्यासकट घातलीस? कडू होणार. आणि तेल उकळतेस कशाला? उकळत्या तेलात वास टिकत नाही, पळून जातो. लवंगा किती घातल्यास?"

"अंदाजाने."

"तुझ्या अंदाजाने दात दुखायचे थांबतील, अत्तर होणार नाही."

आईंनी पळी त्यांच्या हातात दिली. "मग करा तुम्हीच."

"मी कसा करू? मला वास कुठे येतो?"

"वास मी घेते. तुम्ही फक्त अक्कल चालवा. एरवी तरी रिकामीच बसलीय."

असा तो कारखाना सुरू झाला. साल बारीक सोलून, पांढरं काढून, कापडावर सुकवायची. लवंगा अर्धवट कुटायच्या. प्रत्येकाच्या तेलाची वेगळी बाटली नुसत्या कोमट पाण्यात उभी करायची. पेन्सिलीच्या लाकडाची जबाबदारी माझ्याकडे आली. मी वर्गातल्या कचऱ्याच्या डब्यातून सोललेल्या पेन्सिलींची पिशवीभर टरफलं आणली. त्यांच्यावरचा रंग तेलात उतरला आणि बाटली शेवाळासारखी हिरवी झाली. "हे लावून ती बंदरावर उभी राहिली तर बोटी परत जातील," बाबा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी केलेला तो पहिला विनोद होता. मग मी बिनरंगाच्या पेन्सिली विकत आणल्या आणि मधल्या सुट्टीत त्या मुकाट्याने सोलत बसले. शिक्षकांच्या खोलीत माझ्याविषयी काय बोललं गेलं ते मला अजून माहीत नाही.

खरी अडचण वेगळीच होती. आई बाटली हुंगायच्या आणि म्हणायच्या, "छान."

"छान हा वास नाही," बाबा चिडायचे. "मला दिसेल असं सांग. कसा आहे? गोल आहे का टोचतो? आधी काय येतं, मागून काय येतं?"

आईंना हे जमेना. पण एकदा लाकडाच्या तेलाची बाटली नाकाला लावून त्या म्हणाल्या, "आमच्या शाळेत नकाशांचं कपाट होतं ना, तसा. ते उघडायला बाई मलाच पाठवायच्या. मी उगाच वेळ लावायचे, आत डोकं घालून उभी राहायचे."

बाबा त्यांच्याकडे वळले. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्यानंतर ते विचारायला लागले. मी वह्या तपासत आतल्या खोलीत बसलेली असायचे आणि स्वयंपाकघरातून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. लवंगेचा वास म्हणजे आईंचे वडील, दाढ दुखत असताना गालाला रुमाल बांधून खिडकीत बसलेले. संत्र्याची साल म्हणजे त्यांची धाकटी बहीण, जी साल पिळून मुद्दाम डोळ्यात फवारा उडवायची. आणि बाबा आपल्या बाजूने सांगायचे की दुसऱ्यांच्या बेकरीत ते पहिल्यांदा कामाला लागले तेव्हा मालकाने डोळ्यांवर फडकं बांधून त्यांच्यासमोर पिठाच्या परड्या ठेवल्या होत्या, आणि कुठलं पीठ ताजं ते विचारलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या गोष्टी निघाल्या नव्हत्या त्या आता नाकावाटे निघत होत्या. आणि मजा म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला अभ्यासही आपोआप होत होता. आईंनी हुंगलं की बाटली बाबांकडे जायची. ते डोळे मिटून ती नाकाशी धरायचे आणि नकाशांचं कपाट आठवायचे. येत काहीच नव्हतं. पण ताटली सुकत पडत नव्हती.

अत्तर मात्र जमत नव्हतं. तिन्ही तेलं एकत्र केली की वास यायचा आणि घटकाभरात उडून जायचा. गोष्टीतला तर खोलीत रेंगाळायचा. "तळच नाही याला," बाबा म्हणाले. "तळाशी नावातच आहे म्हणतात, म्हणजे काय? उशीर लावायचा. मुरू द्यायचं." म्हणून बाटली कपाटात ठेवून आम्ही वाट पाहिली. बाहेर काढली तेव्हाही ती तशीच पळकुटी होती.

बाजारात काष्ठौषधींचं एक दुकान आहे. मुळ्या, साली, वाळलेली फुलं, सगळं पोत्यांत. आई लवंगा आणायला तिथे गेल्या होत्या, मी पिशवी धरायला. लवंगा बांधून होईपर्यंत दुकानदाराने सहज विचारलं, "रोज लवंगा नेता, कशाला हो?"

"उशीर करतोय," आई म्हणाल्या.

"नाही हो, उशीर कसला, दुकान नऊपर्यंत उघडं असतं."

"तसं नाही. अत्तर. उशीर नावाचं."

"मग मागच्या पोत्यातलं द्यायला हवं ना," दुकानदार म्हणाला आणि बारीक, तपकिरी मुळ्यांची जुडी काढून त्याने काट्यावर टाकली. "उशीर म्हणजे वाळा. जुनं नाव. माझे आजोबा डब्यांवर असंच लिहायचे."

मी मराठी माध्यमात शिकलेली, आणि तरी हे मला माहीत नव्हतं. आईंनी जुडी पिशवीत न घालता हातातच धरली आणि घरापर्यंत त्या इतक्या भरभर चालल्या की मला धावावं लागलं.

घरी मुळ्या धुऊन, माती काढून, बशीत ओल्याच ठेवल्या. बाबा आतल्या खोलीत पडले होते. आम्ही त्यांना अजून काही सांगितलं नव्हतं; आईंना आधी तेल करून मग चकित करायचं होतं. कात्रीने मुळ्यांचे तुकडे करत होतो तोच आतून आवाज आला.

"फरशी पुसलीत का आता?"

"नाही," मी म्हणाले.

"मग गार वास कसला येतोय? ओल्या मातीसारखा?"

आईंच्या हातातली कात्री थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं, जणू काही एखादं पाखरू खिडकीत बसलं होतं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांना बशी दिसली. त्यांनी मुळ्या उचलून नाक त्यात खुपसलं, जोरजोरात हुंगलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "गेला," ते म्हणाले.

"बोलावून येत नसतो तो," आई म्हणाल्या. "बसा इथे. आणि तिकडे बघू नका."

ते खुर्चीत बसले, भिंतीकडे तोंड करून. आई मुळ्या कापत राहिल्या. थोड्या वेळाने बाबा भिंतीलाच म्हणाले, "आला." मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की काय ते मला आधी कळलं नाही. आईंना कळलं. त्यांनी हात पदराला पुसले आणि बाबांच्या पाठीवर ठेवले.

त्यानंतर वास एकेक करून आले, पण सगळे शहाण्यासारखे आले नाहीत. संत्रं आलं ते जळक्या रबराचं रूप घेऊन. "शी! टायर!" बाबा आनंदाने ओरडले. साबणाला कांद्याचा वास यायचा, म्हणून ते आंघोळीहून नाक मुरडत बाहेर यायचे. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे, नाक रस्ता शोधतंय. हळूहळू संत्रं संत्र्यासारखं झालं. लवंग तर एका सकाळी एकदम आली. तिच्या पाठोपाठ जिभेवर मीठ आलं, आणि बाबांनी आईंना सांगितलं की मीठ जरा कमी आहे. आई दिवसभर खूश होत्या.

अत्तर तयार झालं तेव्हा बाबांनी स्वतः गाळलं, पातळ कापडातून, थेंब थेंब. वाळ्याने बाकीच्या तिघांना धरून ठेवलं होतं. त्याच दुपारी रेडिओवर कादंबरीचा शेवटचा भाग होता, आणि गाळण्याच्या नादात रेडिओ लावायचाच राहून गेला. त्या तिकीटवालीचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. शेजारच्या बाईंना विचारू म्हणून आई बरेच दिवस म्हणत होत्या, मग तेही राहिलं.

आईंनी मनगटावर थेंब लावला आणि हात पुढे केला. बाबांनी सावकाश हुंगलं.

"कसं आहे?"

"खरं सांगू? मला नाही आवडलं. लाकूड फार पुढे येतं, म्हाताऱ्या कारकुनासारखं वाटतं."

आई रागावतील असं मला वाटलं. पण त्या मनगट परत स्वतःच्या नाकाशी नेत म्हणाल्या, "बरं झालं. तुम्हाला न आवडायला लागलं, म्हणजे आता तुम्ही बरे." आणि ते अत्तर त्या रोज लावतात, कारण त्यांना ते आवडतं.

बाबा आता सकाळी बेकरीत जातात. माझ्या नवऱ्याने भट्टीवर घंटी वाजणारं घड्याळ बसवलंय, आणि बाबा त्यावर कुरकुर करत नाहीत, कारण भाजलेल्या पावाचा वास त्यांना अजून पुरता येत नाही. कवच येतं, आतला मऊपणा येत नाही, असं ते सांगतात. याचं त्यांना वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. ते ट्रे ओढत होते. म्हणाले, "पूर्वी मी तो कधी हुंगला होता? तो आपला येत होता. आता रोज येतो का ते बघायला यावं लागतं, त्यात सकाळ चांगली जाते." मग त्यांनी त्यातला एक बन फोडला, वाफेत तोंड घातलं आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. बाबांनी घाई केली नाही.